सांचीच्या आधी पवनीला उतरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला प्राचीन बौद्ध कलेवरचा लेख वाचला. लेख चांगला आहे, पण त्यातली गाडी सांचीहून सुटली ती भाजे, कार्ले करत थेट अजिंठ्याला पोचली. विदर्भात तिला थांबाच नाही. लेख नागपुरात छापला गेला, म्हणून हे जास्त बोचले.

नागपूरहून उमरेड-भिवापूर रस्त्याने ऐंशीएक किलोमीटरवर, वैनगंगेकाठी पवनी आहे. माझी सासुरवाडी. लग्नानंतर कित्येक वर्षे जगन्नाथ टेकडीवर मी फक्त पाय मोकळे करायला जात होतो. ही टेकडी म्हणजे एक स्तूप आहे, हे मला फार उशिरा कळले. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून तिथे उत्खनन केले, शां. भा. देव आणि जगतपती जोशी हे त्यातले प्रमुख. स्तूपाचा व्यास निघाला सुमारे ३८ मीटर, आणि पुढच्या काळात तो वाढवून ४१ मीटरच्या वर नेलेला. सांचीच्या मोठ्या स्तूपाचा व्यास साडेछत्तीस मीटर आहे. म्हणजे आमची टेकडी घेरात सांचीला भारी!

मी धंद्याने सुतार, आता हात थकले. पवनीला स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्याच्या खांबाचा एक तुकडा पाहिला आणि जागीच बसलो. खांबाच्या बगलेत खाच होती, मसुराच्या दाण्यासारखी, मध्ये फुगीर आणि कडांना निमुळती. आडव्या पट्ट्या तिच्यात सरकवायच्या. या पट्ट्यांना सूची म्हणतात, म्हणजे सुई, आणि नाव अगदी बरोबर आहे. दाराच्या चौकटीला आम्ही कुसू काढून खाचेत बसवतो, तेच काम इथे दगडात केलेले. वास्तविक दगड स्वतःच्या वजनावर उभा राहतो, त्याला एवढ्या सांध्यांची गरज काय? पण ज्यांची हयात लाकडात गेली, त्यांच्या हातात दगड आला तरी हाताची सवय सुटली नाही. सांचीच्या कठड्यात हेच, आणि भाज्याच्या चैत्यगृहात, म्हणजे प्रार्थनेच्या लेण्यात, तर खांब लाकडी डोलाऱ्यासारखे आत झुकवलेले आहेत. कार्ल्याच्या छताला सागवानी कमानी अजून आहेत. त्या छत पेलत नाहीत, छत डोंगराचेच आहे; तरी त्यांच्याशिवाय ते घर कारागिराला घर वाटले नसावे. सांचीच्या दक्षिण तोरणावर, म्हणजे दगडी प्रवेशकमानीवर, तर कोरूनच ठेवले आहे की हे काम विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी केले. तिथली नक्षी इतकी बारीक का, याचे उत्तर त्या एका ओळीत मिळते. आपल्या लेखात राजे सगळे आले, हे दंतकार मात्र राहिले.

मी खाचेत बोटे घालून पाहत होतो, तेव्हा साळा म्हणाला, "भाटवे, काय पाह्यता त्या गोट्याले?" त्याला सांगत बसलो नाही.

पवनीच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे आहेत. पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मुचलिंद, पावसात बुद्धावर फणा धरणारा कथेतला नाग. फणा उभारलेला, आणि त्याच्या छायेत आसन रिकामे. त्या काळी बुद्धाची मूर्ती घडवत नसत. बोधिवृक्ष, चक्र, पावले किंवा रिकामे आसन दाखवले की पाहणाऱ्याला समजत असे. इथे नागाचे नावसुद्धा कोरले आहे. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, बाबासाहेबांनी भाषणात सांगितले होते की बौद्ध धर्माचा प्रसार करणारे नाग लोक होते, म्हणून नागपूर निवडले. त्यानंतर तेराच वर्षांनी इतक्या जवळ हा नाग जमिनीतून निघाला. मी काही योगायोगाला भुलणारा माणूस नाही, पण हा पाहताना अंगावर काटा आला.

अजिंठ्याचेही एक सांगून टाकतो. सोळावे लेणे वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने दिलेले. हरिषेण वत्सगुल्म शाखेचा, आणि वत्सगुल्म म्हणजे आपले वाशीम.

अशोक विजयादशमीला लाखो लोक दीक्षाभूमीवर येतात, आणि बरेचसे कामठीचे ड्रॅगन पॅलेसही पाहून जातात. दीक्षाभूमीचा घुमट सांचीवरून घेतलेला; फरक एवढाच की जुने स्तूप आतून भरीव असत, हा पोकळ आहे. त्या दिवसांत आपण पुरवणीत पाहण्याच्या जागांचा नकाशा छापता. त्यात यंदा पवनी टाकावी. उमरेडमार्गे जायचे, दुपारपर्यंत पाहून परत. एसटीने त्या दोन-तीन दिवसांत जादा गाड्या सोडल्या तर उत्तमच.

आणि सोबत छायाचित्र एकच द्यायचे असेल, तर मुचलिंदाचे द्या.

आपला,
एक निवृत्त सुतार, महाल, नागपूर