पेरूने सर्दी होत नाही हो, पोरांना खाऊ द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी तुमच्या पेपरची जुनी वाचक, पत्र मात्र पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर दुरुस्त करून घ्या. विषय पेरूचा आहे. थंडी पडायला लागली, निफाडचा पारा उतरल्याची बातमी तुम्ही छापलीत आणि त्याच आठवड्यात लेकीच्या शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला की थंडीत मुलांच्या डब्यात पेरू देऊ नये, सर्दी-खोकला होतो. खाली पटापट अंगठे आले सगळ्यांचे. मला राहवलं नाही म्हणून हे पत्र.

लेक नववीत आहे. पावसाळ्यात सारखी थकायची, जिना चढली की धाप लागायची, आम्हाला वाटलं अभ्यासाचा ताण असेल, मग ब्लड टेस्ट केली तर हिमोग्लोबिन कमी, 9.2. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि एक गोष्ट नीट बसवून सांगितली. म्हणाले, तुम्ही पालेभाजी देता, नागलीची (नाचणीची) भाकरी देता ते चांगलंच आहे, पण धान्यातलं आणि भाजीतलं लोह अंगात फार थोडं शोषलं जातं, बरोबर 'क' जीवनसत्त्व असेल तर जास्त शोषलं जातं. तेव्हा ताटात लिंबू पिळा नाहीतर पेरूच्या चार फोडी ठेवा, आणि जेवणावर लगेच चहा अजिबात नको, चहाने उलट लोह अडतं. आमच्याकडे भाकरी खाल्ली की चहा हवाच असतो, पोरीलासुद्धा कपभर मिळायचा. म्हणजे इतकी वर्षं एका हाताने देत होतो आणि दुसऱ्या हाताने काढून घेत होतो, याचं फार वाईट वाटलं.

मग मी शोधून शोधून वाचायला लागले. 100 ग्रॅम पेरूत, म्हणजे एका मध्यम फळात, 'क' जीवनसत्त्व 200 मिलिग्रॅमच्या वर असतं. संत्र्यात 50 च्या आसपास, किवीत 90 च्या आसपास, सफरचंदात 5 सुद्धा नाही. आपली द्राक्षं, नाशिकची शान, मलाही जीव की प्राण, पण 'क' जीवनसत्त्वात तीही सफरचंदाच्याच रांगेत. मोठ्या बाईला दिवसाला लागतं 65 मिलिग्रॅम. म्हणजे एका पेरूत तीन दिवसांचं झालं, अर्थात शरीर ते साठवून ठेवत नाही म्हणून रोज थोडं थोडं खाल्लेलं बरं, एकदम किलोभर नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या लोकांनी तर किशोरवयीनांना भाताच्या जेवणासोबत 100 ग्रॅम पेरू देऊन मोजलंय, लोह जवळजवळ दुप्पट शोषलं गेलं. हे वाचलं तेव्हा मला कुणीतरी हे दहा वर्षांपूर्वी का सांगितलं नाही असं झालं.

आता सर्दीचं. सासूबाईंचाही पक्का समज, हिवाळ्यात पेरू म्हणजे घसा धरणार. मी त्यांना समजावलं, आई, सर्दी व्हायरसने होते, घरात एक शिंकला की सगळे शिंकतात ते त्यामुळे. पेरूचा चांगला हंगाम नेमका थंडीतला म्हणून खापर त्याच्यावर फुटतं. खोकला चालू असताना कच्चा तुरट पेरू घशाला टोचत असेल तर तेवढे दिवस नका देऊ, पण म्हणून चार महिने बंदी कशाला? आणि हेही खरं सांगते, पेरू खाल्ला म्हणजे सर्दी होणारच नाही असंही नाहीये, तसं कुणी सांगत असेल तर तेही ऐकू नका. दुसरं म्हणजे पावसाळ्यातला पेरू पाणचट असतो, फळमाशीमुळे अळ्याही निघतात, त्यामुळे लोकांचं मन उडतं. मृग बहराचा, थंडीत येणारा पेरू खाऊन बघा, घट्ट, गोड, वासानेच घर भरतं. सरदार पेरू तर आपल्या पुण्याच्या गणेशखिंडीतच 1927 साली निवडलेला वाण, एल-49 म्हणतात तो.

मागच्या महिन्यात शेजारच्या काकूंना दवाखान्यात बघायला गेले तर उशाशी किवीचे दोन बॉक्स आणि एक ड्रॅगन फ्रूट. बाहेर गेटजवळ हातगाडीवर पेरू 60 रुपये किलो आणि तीन किवी 100 रुपयांना, आणि लोक किवीच घेत होते, कारण पेशंटकडे पेरू घेऊन जायला लाज वाटते. ही लाज मला समजतच नाही. शिर्डीहून येताना राहात्याचे पेरू गाडी थांबवून घेतो, रस्त्यातच तिखटमीठ लावून खातो, मग माणूस आजारी पडल्यावरच तो हलका कसा होतो? (किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच, पेरूत पोटॅशियम केळ्यापेक्षाही थोडं जास्त असतं.) ज्यांना पोट साफ होत नाही त्यांच्यासाठी पिकलेला पेरू उत्तम, 100 ग्रॅममध्ये 5 ग्रॅमच्या वर फायबर आहे, आणि ते ज्यूस करून गाळलं की बरंचसं जातं, म्हणून चावूनच खायचा, धुऊन, सालासकट, कारण 'क' जीवनसत्त्व सालीत आणि सालीजवळ जास्त असतं. पेरूची भाजी आमच्याकडे आवडते पण शिजवल्यावर ते कमी होतं, त्यामुळे दही घालून कोशिंबीर जास्त चांगली.

आमच्या घरची गोष्ट सोडा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 54.2 टक्के बायकांना आणि पाच वर्षांच्या आतल्या 68.9 टक्के मुलांना ॲनिमिया, म्हणजे रक्त कमी, निघाला. शंभरातली जवळजवळ सत्तर लेकरं! पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडे नागली घरोघरी आहे, लोह ताटात आहे, ते अंगी लागायला सोबतीला काहीतरी हवंय. 2023 मध्ये सरकारने शाळेच्या आहारात आठवड्यातून एकदा अंडं आणि जी मुलं अंडं खात नाहीत त्यांना केळं द्यायचं ठरवलं होतं, तेव्हाही मला वाटलं होतं की थंडीच्या महिन्यांत एखाद्या दिवशी पेरू का नाही? केळं चांगलंच, पण 'क' जीवनसत्त्व त्यात 10 मिलिग्रॅमच्याही आत. जिल्हा परिषदेच्या लोकांनी हे वाचलं तर बरं होईल म्हणून तुम्हाला विनंती की पत्र छोटं केलं तरी चालेल पण हा भाग कापू नका.

लेकीचं हिमोग्लोबिन परवा 11.4 आलं. गोळ्या चालू आहेत, त्यांचंच श्रेय मोठं, त्या बंद करून नुसता पेरू खा असं मी कुणालाही सांगणार नाही. पण चहा सुटलाय आणि डब्यात रोज पेरूच्या फोडी जातात. ग्रुपवर मी हे सगळं लिहिलं तेव्हा दोन आयांनी फोन केले, एकीच्या मुलीचं 8.9 आहे म्हणाली आणि तिने तो मेसेज आला त्याच दिवसापासून पेरू बंद केला होता. तुम्ही एखाद्या आहारतज्ज्ञाकडून यावर नीट लेख लिहून घ्याल का? माझ्यापेक्षा त्यांचं लोक ऐकतील.

आपली,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक