सुभेदार तात्यांना, फायनल इयर सुरू होताना

आदरणीय तात्या,

साष्टांग नमस्कार, वि. वि.

थर्ड इयर सुटलं आणि या सोमवारपासून बीडीएसचं, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीचं, फायनल इयर सुरू झालं. फोनवर हे कळवलं तेव्हा तुम्ही "शाब्बास" म्हणून लगेच पुढच्या तयारीचं विचारलंत आणि आभार मानायचे राहून गेले. मानले असते तरी तुम्ही विषय बदलला असता. म्हणून चारचौघांनी वाचावं असं लिहिते आहे. गावातल्या बाकीच्या मुलींनाही कळू दे, तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते.

आपल्या साताऱ्याला फौज नवी नाही. मिलिटरी अपशिंगे या फौजींच्या गावाचं नाव इथली शाळकरी पोरंही सांगतात. पण मी आर्मीत जायचं म्हणते म्हटल्यावर घरात, भावकीत एकच प्रश्न निघायचा: दातांच्या डॉक्टरचं तिथं काय काम? त्याचं उत्तर मला तुमच्याकडून मिळालं. 1941 साली उभ्या राहिलेल्या आर्मी डेंटल कोअरमध्ये, म्हणजे फौजेच्या दंतवैद्यक विभागात, तुमची अख्खी नोकरी डॉक्टरांच्या शेजारी, डेंटल चेअरपाशी गेली. बर्फातल्या चौकीवर जवानाची दाढ ठणकली तर त्याला खाली आणायला हेलिकॉप्टर लागतं आणि हवामान बिघडलं तर तेही येत नाही; म्हणून माणूस वर जायच्या आधीच त्याचं तोंड नीट करायचं, हे तुम्ही सांगितलंत. जबडा मोडलेल्या जवानाचे वरचे-खालचे दात तारेनं बांधले की त्याच्या उशाशी वायर कटर ठेवायचाच, रात्री उलटी झाली तर आधी तारा तोडायच्या, नाहीतर तो गुदमरेल, हेही तुमच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं. यंदा ओरल सर्जरीच्या पहिल्याच क्लासला सरांनी नेमकं हेच विचारलं. वर्गात उत्तर देणारी मी एकटी होते. मनात तुमचंच नाव होतं.

भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना तुम्ही सकाळी मैदानावर पळवता. मागच्या सुट्टीत तुम्ही मला तिथं बोलावलंत आणि हातात टॉर्च दिलात. "डॉक्टर, मोज." पुस्तकात दात 32, पण फौजेचा हिशेब वेगळा. पुढचे दात, सुळे आणि उपदाढा यांच्या वर-खालच्या जोडीला एकेक गुण, दाढांच्या जोडीला दोन-दोन. अक्कलदाढा धरून पूर्ण तोंडाचे 22 आणि भरतीला किमान 14 हवेत. तेही वरच्या दाताला खालचा जोडीदार असेल तरच. त्या दिवशी एका पोराच्या खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा किडून काढलेल्या निघाल्या. वरच्या दाढा धडधाकट, पण समोर कुणी नाही, म्हणून त्यांचेही गुण गेले. छाती, उंची, धावणं सगळं पक्कं असलेला तो पोरगा माझ्याकडे बघत राहिला. तुम्ही त्याला धीर दिलात, बाजूला नेऊन राहिलेल्या दाढा कशा वाचवायच्या ते सांगितलंत आणि बाकीच्यांना त्याच दिवशी मिश्री, गुटखा सोडायला लावलंत. कम्युनिटी डेंटिस्ट्री, म्हणजे समाजाच्या दातांच्या आरोग्याचा विषय, मला पाठांतराचा वाटायचा. त्या मैदानावर तो मला आवडायला लागला.

कागदपत्रांचं तर तुम्ही माझ्याहून जास्त मनावर घेतलंत. कॉलेजात पास व्हायला 50 टक्के पुरतात. तुम्ही निवृत्त साहेबांना फोन करून खात्री केलीत आणि मला सांगितलंत, "पोरी, पास होऊन भागायचं नाही. शॉर्ट सर्व्हिस कमिशनला, म्हणजे ठराविक वर्षांसाठी फौजेत अधिकारी व्हायला, शेवटच्या वर्षाचे 55 टक्के लागतात." वर एक वर्षाची इंटर्नशिप, नीट एमडीएस या बीडीएसनंतरच्या प्रवेश परीक्षेचा स्कोअर, मग दिल्लीची मुलाखत आणि मेडिकल तपासणी. आठ विषयांच्या या वर्षाकडे मी आता त्याच नजरेनं बघते.

आणखी एक गोष्ट मी विसरणार नाही. डेंटल कोअरच्या 2022 च्या भरतीच्या जाहिरातीत 30 पैकी 27 जागा पुरुषांना आणि 3 बायकांना होत्या. ते वाचून मी पुरती खचले होते. 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यावर सरकारला फटकारलं. ती बातमी तुम्ही पेपरातून कापून, घडी घालून आमच्या घरी आणून दिलीत आणि बाबांना स्वतः वाचून दाखवलीत. फौजेतला माणूस सांगतोय म्हटल्यावर बाबांनी ऐकून घेतलं. लग्नाचं बोलणं त्यानंतर थांबलं, ते अजून थांबलेलंच आहे. हे उपकार फेडता येण्यासारखे नाहीत, तात्या.

काकूंचेही आभार मानायचे आहेत. फायनलला पूर्ण कवळीची केस करावी लागते. मापापासून कवळी बसेपर्यंत पेशंटला पुन्हा पुन्हा यावं लागतं, आणि कंटाळून पेशंट अर्ध्यावर सुटला की विद्यार्थ्याचं सगळं काम अडतं. काकू आपणहून म्हणाल्या, "माझं तोंड रिकामंच आहे, तुझ्याकडूनच बसवून घेते. लेकीकडं कळव्याला राहीन." त्यांना सांगा, माझी प्रोस्थोची, म्हणजे कवळीच्या विभागातली, पोस्टिंग गणपतीनंतर लागते आहे. येताना बीपीच्या गोळ्या आणि जुनी फाइल आणावी. सकाळी दहाच्या आत ओपीडीत पोचलो तर केसपेपर लवकर निघतो, मी गेटवर न्यायला येईन. पहिलं माप घेताना मळमळतं, पण नाकानं श्वास घेतला की जमतं.

दिवाळीत मी गावी आहे. मैदानावर सगळ्या पोरांना बोलावून ठेवा, ज्यांचं वय अजून भरतीचं झालेलं नाही त्यांनाही. आरसे आणि प्रोब मी घेऊन येते. त्यांच्या दाढा किडायच्या आत बघायच्या आहेत.

तुमची,
डॉक्टर पोरगी
बीडीएस, अंतिम वर्ष, मुंबई