विहीणबाईंच्या तपासणीबद्दल

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

विसरणं वाढलंय म्हणून विहीणबाईंच्या मेंदूचा थेट एमआरआय स्कॅन काढायचं ठरवताय, पण सुरुवात तिथून करू नका. डिमेन्शियाचं, म्हणजे स्मरणशक्ती आणि समज ढासळत जाण्याच्या आजाराचं, निदान बरंचसं घरच्यांच्या सांगण्यावर उभं असतं. डॉक्टरांना त्या थोडा वेळ दिसतात, तुम्हाला दिवसभर.

आधी एक वही कर. चष्मा कुठे ठेवला ते विसरणं आणि मागाहून आठवणं हे वयाचं. तोच प्रश्न तासाभरात पुन्हा पुन्हा विचारणं, हातखंडा असलेल्या पुरणपोळीचा क्रम चुकणं, दूधवाल्याचा हिशेब न लागणं, नेहमीच्या गल्लीत वाट चुकणं, हे मात्र तारखेसह लिही. तुलना शेजारच्या आजींशी नको, त्यांच्या स्वतःच्या चार-पाच वर्षांपूर्वीच्या वागण्याशी कर. विसरणं सावकाश वाढत गेलं असेल तर अल्झायमरची शंका येते. एकदम घसरण, मग काही काळ तसंच, पुन्हा घसरण, असं असेल तर मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विचार होतो. घरात नसलेली माणसं त्यांना दिसत असतील तर संकोच न करता सांगा. तो लेवी बॉडी नावाचा डिमेन्शियाचा प्रकार असू शकतो आणि त्यात भास थांबवायला देतात ती हॅलोपेरिडॉलसारखी औषधं जिवावर बेतू शकतात.

एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ उडाला, त्या गुंगीत गेल्या, तर वही बाजूला ठेव आणि त्याच दिवशी दवाखान्यात ने. तो बहुधा डिलिरियम, म्हणजे दुसऱ्या आजाराने अचानक आलेला गोंधळ, असतो. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया किंवा घसरलेलं सोडियम त्यामागे असू शकतं.

जाताना गोळ्यांची अख्खी पिशवी ने, दुकानातून आपणहून आणलेल्याही. झोपेच्या, सर्दी-खाजेच्या, वारंवार लघवी होते म्हणून दिलेल्या गोळ्या, उदासपणा किंवा नसांच्या दुखण्यावरचं अमिट्रिप्टिलिन, यांनी स्मरणशक्ती मंदावते. विहीणबाई शाकाहारी आहेत आणि मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेतात, म्हणून बी-१२ तपासायलाच हवं. सोबत हिमोग्राम, थायरॉईडसाठी टीएसएच, सोडियम, कॅल्शियम, साखर, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, यकृताची तपासणी. उदासपणाही विसराळूपणासारखा दिसतो. झोप, भूक, रडू येणं याबद्दल बोला.

प्रश्नोत्तरांची चाचणी बहुतेक ३० गुणांची असते. कमी गुण म्हणजे डिमेन्शिया असं नाही. शिक्षण कमी असलं की गुण तसेही कमी पडतात. त्यांची शाळा किती झाली ते आधीच सांग. चष्मा आणि कानाचं यंत्र लावूनच बसवा. घरी सराव घेऊ नका आणि चाचणीत उत्तरं पुरवू नका, कितीही जीव तुटला तरी.

मग स्कॅन. पडल्यानंतर कवटीखाली साचलेलं रक्त, गाठ, जुने पक्षाघात त्यात दिसतात. चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे पडत असतील आणि लघवीवर ताबा राहत नसेल, तर मेंदूत पाणी साठलंय का तेही पाहतात. त्यावर शस्त्रक्रियेचा उपाय असतो. मात्र रिपोर्टात 'मेंदू आकसला आहे' एवढंच असेल तर घाबरू नका, वयानेही तसं होतं.

दवाखान्यात दोघं जा. जावईबापूंनी त्यांच्याजवळ बसावं आणि तू वही घेऊन डॉक्टरांशी वेगळं बोल. त्यांच्यासमोर त्यांच्या चुका मोजायच्या नाहीत.

तुझी,
आई