दसऱ्याच्या आधी बोलावलंत म्हणून

ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र लिहायचं पाच वर्षं राहून गेलं. गेल्या रविवारी पहिल्यांदाच अकरा पोरी माझ्यासमोर कागदं घेऊन बसल्या आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य तुमचंच निघालं, "आई-बाप ऊस तोडायला कारखान्याला कधी निघणार?" मग म्हटलं, आता लिहायलाच पाहिजे.

बारावीच्या पोरांना मार्गदर्शन करायला आमच्याकडे दरवर्षी कुणीतरी यायचं. मोठी स्वप्नं बघा म्हणायचं, शाल-नारळ घेऊन जायचं. तुम्ही मात्र आलात ते ऊसतोडीच्या टोळ्या नेणाऱ्या मुकादमाला भेटायला. टोळी दसऱ्यानंतर हलते, गुढीपाडव्याच्या आसपास परतते. जात पडताळणीला, म्हणजे जातीचा दाखला तपासून घ्यायला, महिने जातात आणि प्रतिज्ञापत्रावर सही करणारा बाप तेव्हा सांगलीकडे उसाच्या फडात. हे सगळं विचारून घेतलंत आणि मगच वर्ग आखलात. माझ्या भावाची सीट याच पडताळणीपायी गेली होती. नंबर राखीव जागेवर लागला, प्रमाणपत्र मुदतीत आलं नाही, आणि खुल्या जागेची फी भरायची आमची ऐपत नव्हती. तो त्याच वर्षी कोयत्यावर गेला.

म्हणून आमचा पहिला महिना नुसता कागदांचा. कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू. उत्पन्नाचा दाखला काढायला निघालेल्यांना तुम्ही थांबवलंत, "तो ३१ मार्चला संपतो, आत्ता नको, आधी पडताळणी." आम्ही एनटी-डी, भटक्या जमातींमधले, म्हणून जातीचा २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा हवा. आजोबा शाळेची पायरी चढलेले नव्हते. मी रडकुंडीला आले होते. तुम्ही वहीत आमची वंशावळ काढायला बसलात, आईला एकेक नाव विचारत. चुलत आजोबांपाशी आई थबकली, "ते दुसरीपर्यंत गेले व्हते म्हनं." दोन दिवसांनी शाळेच्या जनरल रजिस्टरात ते सापडले. १९५८ सालची नोंद, वाळवीनं कोपरा खाल्लेलं पान, पण जातीचा रकाना शाबूत. त्या पानावर बोट ठेवून आपण दोघी किती वेळ हसत होतो!

नंतरचं सगळं सोपं वाटलं. चिठ्ठ्यांचा खेळ आठवतो? कॉलेजांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून भिंतीवर क्रमानं चिकटवायची, मग तुम्ही खोटी कॅप राउंड, म्हणजे प्रवेशाची फेरी, घ्यायच्या. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला की तो घ्यावाच लागतो, हे मला कळलं ते सगळ्यात वर उगाच लावलेली चिठ्ठी माझ्या गळ्यात पडली तेव्हा. खऱ्या फॉर्ममध्ये ती चूक झाली नाही.

एक तक्रार मात्र आहे. ते इंग्रजीतून ओळख करून देण्याचं सत्र! "मायसेल्फ"च्या पुढे कुणाची गाडी सरकेना. पण दुसऱ्या आठवड्यात तुम्हीच ते बंद केलंत आणि त्या जागी आयटीआयची फेरी ठेवलीत. आमच्यातली एक तिथेच इलेक्ट्रिशियनच्या वर्कशॉपमध्ये रमली. इंजिनिअरिंगला जा म्हणून तुम्ही तिच्या मागे लागला नाहीत. अप्रेंटिसशिपचा पहिला स्टायपेंड आला तेव्हा तिनं मला फोनवर आकडा तीनदा ऐकवला.

आणि होस्टेलवरचा पहिला महिना. शिष्यवृत्ती खात्यात यायला वेळ लागतो, तोवर मेसचे पैसे कुठून आणायचे, हे आम्हाला सुचलंच नसतं. तुम्ही ऑगस्टपासून दर आठवड्याला वीस रुपये डब्यात टाकायला लावलेत. त्या डब्यावरून आम्ही तुम्हाला मागे काय काय बोलायचो ते आता सांगत नाही.

माझ्या अकरा पोरींपैकी चौघींचे आई-बाप यंदा दसऱ्यालाही थांबणार नाहीत, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, लवकर घेतलीय. त्यांच्या सह्या या आठवड्यात घेते आहे. भिंतीवरच्या त्या चिठ्ठ्या तुम्ही जपून ठेवल्या असतील, तर एसटीच्या पार्सलनं पाठवाल का? नव्या लिहायला बसले होते, पण तुमच्या अक्षरातल्याच हव्यात.

तुमची,
पहिल्या बॅचमधली, वाळवीच्या पानवाली