हातोड्याचे ठोके कोण मोजतो?

महोदय,

पुनर्विकासाच्या जाहिरातींत ‘संगणकीय विश्लेषणाने भूकंपरोधक’ असे शब्द हल्ली हमखास दिसतात. माझे निम्मे आयुष्य माती तपासण्यासाठी जमिनीत भोके पाडणाऱ्या बोअरिंगच्या तिपाईखाली गेले, म्हणून चार ओळी.

खडकापासून जमिनीपर्यंत मातीच्या थरांचा उभा स्तंभ कल्पायचा, त्याला खालून हादरा द्यायचा आणि वर येईपर्यंत कोणता थर तो वाढवतो, कोणता जिरवतो हे गणिताने काढायचे, असे हे विश्लेषण. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाचा ‘शेक’ हा प्रोग्रॅम १९७२ पासून तेच करतो. पण थराची जाडी, घनता आणि त्यातून शिअर वेव्ह, म्हणजे मातीला आडवे हलवत जाणारी लाट, किती वेगाने जाते, हे त्याला आपणच सांगायचे असते.

आमची सोसायटी वाशीची, खाडीजवळची. गेल्या वर्षी मातीचा अहवाल हाती आला. तीन बोअर, आणि वरच्या थरांतली एन व्हॅल्यू तिन्हींत हुबेहूब: ११, १२, १४. साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा पाऊण मीटरवरून टाकत नळी ३० सेंटिमीटर आत जायला लागलेले ठोके म्हणजे हा आकडा. खाडीच्या गाळात नळी नुसत्या वजनाने उतरताना मी कितीदा पाहिली आहे! इथे अकरा ठोके आले कुठून? बोअर चालू असताना मी खाली उभा होतो. मोजणारा मुलगा मोबाइलवर बोलत होता. एन दहाच्या खाली असती तर भूकंपसंहितेत ही जमीन ‘मऊ’ ठरली असती, अकरा लिहिले की ‘मध्यम’. त्याच अकरावरून सूत्राने शिअर वेव्हचा वेग काढला आणि वर रंगीत आलेख.

मेक्सिको सिटीत १९८५ साली भूकंपाचे केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून लांब होते. तरी जुन्या सरोवराच्या गाळाने सुमारे दोन सेकंदांचा झोका धरला आणि त्या झोक्याशी लय जुळलेल्या सहा ते पंधरा मजली इमारतींना सर्वाधिक फटका बसला. कडक जमिनीवरचा भाग बराच वाचला. अर्थात गाळ हादरा वाढवतोच असेही नाही. धक्का जोराचा असला तर गाळ सैलावून त्यातली काही ऊर्जा खातो. आमचा गाळ काय करेल, हे त्या अकरावरून कळणार कसे?

जमिनीवर जिओफोनची, म्हणजे कंपने टिपणाऱ्या यंत्रांची, रांग लावून, पत्र्यावर घण मारून शिअर वेव्हचा वेग प्रत्यक्ष मोजता येतो. तसे करा, असे मी कमिटीला लेखी दिले. ‘काका, अहवाल मंजूर झालाय,’ एवढेच उत्तर आले. पुढच्या महिन्यात पायाचे खांब, म्हणजे पाइल, सुरू होतात.

— एक निवृत्त मृदा-परीक्षण अभियंता, वाशी, नवी मुंबई