शब्द गेले, समज गेली नाही

महोदय,

गेल्या पावसाळ्यात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि तोंडात एकच शब्द उरला, ‘होडी’. पेज हवी, होडी. पंखा बंद कर, होडी. वाडीत लोक म्हणू लागले, ‘म्हाताऱ्याक काय एक कळणा नाय.’ कुणी देवाला गाऱ्हाणं घालायला सांगितलं.

१८६१ मध्ये पॅरिसला पॉल ब्रोका या शल्यविशारदाकडे असाच एक रुग्ण आला होता. तो फक्त ‘तान’ म्हणायचा, समजायचं मात्र बरंच. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात इजा सापडली. अ‍ॅरिस्टॉटलच्या लेखी मेंदू शरीर थंड ठेवणारा अवयव होता, आपल्या चरकसंहितेतही चेतनेचं स्थान हृदयच. तिथून केवढी ही मजल! तरी बोलण्याची जागा सापडली म्हणजे मन सापडलं, असं मला वाटत नाही. संध्याकाळी आरती सुरू झाली की बाबा शब्दन्‌शब्द म्हणतात, डावा हात मांडीवर ताल धरतो.

मेंदूला इजा होऊन बोलणं असं हरपतं त्याला ‘वाचाघात’ म्हणतात; इस्पितळातून सोडताना हा शब्दही आम्हाला कुणी सांगितला नाही. तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातून एक दिवस तरी वाचा-उपचारतज्ज्ञ मिळावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, देवगड