क्रीडामंत्र्यांना खुलं पत्र: मुलांनी टॅकल शिकायचं वय वेगळं आणि मॅचमध्ये करायचं वय वेगळं ठेवा

माननीय क्रीडामंत्री,

सप्रेम नमस्कार. मी लहान मुलामुलींना रग्बी शिकवते. सहा वर्षांच्या चिल्ल्यापिल्ल्यांपासून मिसरूड फुटलेल्या पोरांपर्यंत सगळे हाताखालून जातात, आणि नाव घालायला आलेले आईबाबा पहिल्या पाच मिनिटांत एकच विचारतात, टॅकल, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्याला धरून खाली पाडणं, कधीपासून? काहींना ते उद्यापासून हवं असतं (बहुतेक वेळा बाबांना), काहींना जन्मात नको असतं, आणि मी जे उत्तर देते त्याला कुठल्याही सरकारी कागदाचा आधार नसतो, दुसऱ्या क्लबचा कोच वेगळंच सांगतो, शाळेतले पीटीचे सर तिसरंच काहीतरी. मुलांच्या खेळांचे नियम तुमच्या खात्याच्या सहीने निघतात म्हणून हे पत्र तुम्हाला.

एक भीती आधीच सांगून टाकते. असा प्रश्न खात्यात गेला की उत्तर एका आकड्यात येतं. अमुक वर्षांखाली टॅकल बंद, परिपत्रक निघालं, फाइल बंद. आकडा लागतोच, नाही म्हणत नाही, पण नुसता आकडा दिलात तर त्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी पोरगा मॅचला उभा राहणार आणि समोरून सुसाट येणाऱ्याला धरायचं कसं हे त्याला कुणी शिकवलेलंच नसणार. म्हणून टॅकल शिकणं एक आणि मॅचमध्ये टॅकल करणं दुसरं असं वेगळं धरा आणि दोन्हीला वेगवेगळं वय द्या, माझी मागणी मुळात एवढीच.

बाहेर काय चाललंय ते बघा. इंग्लंडमध्ये अंडर-७ आणि अंडर-८ ला टॅग रग्बी, म्हणजे कमरेला पट्टे लावायचे, पट्टा ओढला की टॅकल झालं असं समजायचं. टॅकल अंडर-९ ला सुरू होतं, आणि स्क्रम (दोन्ही टीम्सचे खेळाडू वाकून एकमेकांना खांदे भिडवतात ते) त्याच्या पुढच्या वर्षी, तेही तीनतीन जणांचं आणि न ढकलता. न्यूझीलंडमध्ये अगदी बारक्यांना रिपा रग्बी, तीही पट्टे ओढायचीच, आणि टॅकल साधारण सात-आठ वर्षांपासून. म्हणजे ज्या देशांत रग्बी पिढ्यान्‌पिढ्या खेळतात ते लवकर सुरू करतात पण हळूहळू वाढवत नेतात. दुसऱ्या बाजूला मार्च २०१६ मध्ये ७० हून जास्त डॉक्टर आणि प्राध्यापकांनी ब्रिटनच्या मंत्र्यांना असंच खुलं पत्र लिहिलं होतं, शाळेच्या रग्बीतून टॅकल काढूनच टाका म्हणून. तिथल्या सरकारच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ती मागणी मान्य केली नाही. पण त्या पत्रातला एक मुद्दा मला अजून सोडत नाही. क्लबमध्ये येणारा मुलगा स्वतःच्या हौसेने येतो, शाळेच्या पीटीच्या तासाला मात्र अख्खा वर्ग असतो, त्यात खेळ आवडणारेही असतात आणि भीतीने पोटात गोळा येणारेही असतात, आणि त्यातल्या कुणालाच नाही म्हणायची सोय नसते. तेव्हा सक्तीच्या तासाला टॅकल नकोच, कुठल्याच वयात नको. टॅग खेळवा, टच (नुसता हात लावायचा) खेळवा, वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेने २०२३ मध्ये टी१ नावाचा बिनटॅकलचा प्रकार आणलाय तो खेळवा. पळणं, पास देणं, मोकळी जागा हेरणं हे सगळं त्यात येतं आणि खरं सांगायचं तर दहा वर्षांच्या मुलाला रग्बीतलं जे शिकायचं असतं त्यातलं बरंचसं हेच असतं.

आता मुख्य वाद. लवकर टॅकल हवं म्हणणारे सांगतात की लहानपणी अंगं हलकी असतात, वेग कमी असतो, पडलं तरी फार लागत नाही, मग तेव्हाच शिकवा, चौदाव्या वर्षी थेट सुरू केलंत तर जास्त लागेल. ऐकायला पटतं. मलाही बरीच वर्षं हे बिनतोड वाटायचं. पण याची थोडीफार परीक्षा आइस हॉकीत झालीये. तिथे अंगावर जाऊन अडवायला बॉडीचेकिंग म्हणतात. कॅनडात क्विबेक प्रांतात ११-१२ वर्षांच्या मुलांना ते बंद होतं आणि अल्बर्टात चालू होतं, दोन्हीकडची मुलं तपासली तर २०१० च्या अभ्यासात अल्बर्टात दुखापतींचा धोका तिपटीहून जास्त निघाला. मग २०१३ मध्ये हॉकी कॅनडाने त्या वयोगटात बॉडीचेकिंग देशभर बंद केलं. लवकर शिकलेली मुलं पुढे सुरक्षित राहतात का, हेही तिथे बघितलं गेलं. १५ ते १७ वर्षांच्या खेळाडूंचा २०२२ चा अभ्यास आहे, त्यात ज्यांना बॉडीचेकिंगचा ३ किंवा जास्त वर्षांचा अनुभव होता त्यांच्या दुखापती कमी अनुभव असलेल्यांच्या दुपटीहून जास्त निघाल्या. नुसत्या अनुभवाने कवच मिळतं हा समज तिथे तरी टिकला नाही.

हॉकी म्हणजे रग्बी नाही हे मलाही कळतं. हॉकीत बॉडीचेकिंग काढलं तरी खेळ उरतो, रग्बीत टॅकल हा खेळाचा कणा आहे, आणि एक ना एक दिवस ते करावंच लागणार असतं. म्हणून मी बंदी मागत नाहीये. पण मॅचमध्ये वर्षानुवर्षं आपटून घेतलं की आपोआप शिकणं होतं, हे तुमच्या टेबलावर कुणी ठामपणे मांडलं तर त्यांना हॉकीचे हे आकडे जरूर दाखवा.

शिकणं म्हणजे काय ते थोडं सांगते, कारण फाइल लिहिणाऱ्यांपैकी कितीजण मैदानावर गुडघे मळवतात मला शंका आहे. टॅकलची सुरुवात टॅकलने होत नाही, पडण्याने होते. हात न टेकवता, हनुवटी छातीशी लावून, बाजूवर कसं पडायचं. ज्युदोवाले पहिले कित्येक तास हेच करतात आणि त्यांना कुणी हसत नाही. मग दोघं समोरासमोर गुडघ्यावर. एकाने दुसऱ्याला मिठी मारून हळूच बाजूला घ्यायचं, डोकं कुठे ठेवायचं तेवढंच बघायचं. डोकं समोरच्याच्या मागच्या बाजूला, पुढे कधीच नाही. मी मुलांना सांगते, तुझा गाल त्याच्या ढुंगणाला चिकटला पाहिजे, त्यावर पाच मिनिटं खिदळणं होतं पण नंतर कुणी विसरत नाही. मग एकजण गुडघ्यावर आणि एकजण चालत, मग दोघं चालत, मग जॉगिंग, आणि पूर्ण वेगाने सगळ्यात शेवटी. हे नीट करायला एक अख्खा सीझन जातो, काहींना दोन. आणि हे आठ-नऊ वर्षांच्या मुलाला बिनधोक करता येतं, उलट त्या वयात त्यांना जमिनीवर लोळायला आवडतंच.

डोकं कुठे ठेवायचं यावर मी एवढी का अडून बसलेय? व्यावसायिक रग्बीत मैदानावर डोक्याची तपासणी करावी लागलेल्या घटनांचा अभ्यास झालाय, त्यात ७६ टक्के घटना टॅकलमध्ये घडल्या आणि त्यातल्या ७० टक्क्यांहून जास्त वेळा मार बसला तो टॅकल करणाऱ्याला. पालकांना नेमकं उलटं वाटतं, बॉल घेऊन पळणाऱ्या पोराची काळजी वाटते. ताठ उभं राहून टॅकल करणाऱ्याला धोका जास्त, कमरेत वाकणाऱ्याला कमी, हेही त्यात दिसलं. हे आकडे मोठ्या पुरुषांचे आहेत. मुलांचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि मान बारीक, त्यामुळे माझी काळजी कमी होत नाही, वाढते.

आणि वाढीचा प्रश्न आहेच. मुली साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास झपाट्याने उंच होतात, मुलगे चौदाच्या आसपास, पण त्यातही एकेकाचा फरक इतका की एकाच वर्गातला एक पोरगा दाढी करायला लागलेला असतो आणि दुसऱ्याचा अजून आवाजही फुटलेला नसतो. जन्मतारखेवर गट पाडले की हे दोघं एकमेकांसमोर येतात. न्यूझीलंडमध्ये काही ठिकाणी वजनावर गट करतात. तुमच्या नियमात निदान एवढं तरी लिहा, की कोचला आणि रेफ्रीला अशी विजोड जोडी दिसली तर मुलाला वरच्या किंवा खालच्या गटात हलवायचा अधिकार आहे आणि त्यासाठी कुणाची सही लागणार नाही.

मुलींचं वेगळं सांगते कारण ते हमखास राहून जातं. बऱ्याच मुली रग्बीत येतातच चौदाव्या-पंधराव्या वर्षी, आधी काहीच न खेळता. नियमात फक्त वय असेल तर कागदावर ती पहिल्या दिवसापासून पात्र! पोहता न येणाऱ्याला तू पंधरा वर्षांचा आहेस म्हणून कुणी खोल पाण्यात ढकलतं का? तसंच हे. तेव्हा वयाच्या अटीच्या जोडीला शिकण्याची अट हवी, पडणं, गुडघ्यावरचं, चालतं, पळतं टॅकल हे टप्पे कोचने तपासून सही केल्याशिवाय मुलगा असो की मुलगी, मॅचमध्ये कॉन्टॅक्ट नाही.

मग माझा आकडा काय, तर आठ-नऊपासून शिकवायला सुरुवात, फक्त प्रॅक्टिसमध्ये आणि फक्त शिकलेल्या कोचच्या हाताखाली. मॅचमधलं टॅकल बाराव्या वर्षापासून, सुरुवातीला छोट्या मैदानावर कमी खेळाडूंत. ढकलायचं स्क्रम त्याच्याही नंतर, आणि त्यात वर्ल्ड रग्बीचा अंडर-१९ चा नियम आहेच की दीड मीटरच्या पुढे ढकलायचं नाही. मला माहितेय, इंग्लंड-न्यूझीलंडपेक्षा मी मॅचचं वय वर नेतेय, आणि काही कोच माझ्यावर चिडणार आहेत. चिडू देत. त्या देशांकडे शिकवणारे हात भरपूर आहेत, जिथे कोचच कमी आणि अर्धे तेही व्हिडिओ बघून शिकलेले, तिथे मॅच उशिरा सुरू केलेली बरी.

अजून एक, मिनिटांचं. २०२१ मध्ये वर्ल्ड रग्बीने व्यावसायिक संघांसाठी सांगितलं की आठवड्याला पूर्ण कॉन्टॅक्टची प्रॅक्टिस १५ मिनिटांपेक्षा जास्त नको. पगार घेणाऱ्या, पिळदार मानेच्या माणसांना १५ मिनिटं, आणि आपल्याकडे अकरा वर्षांच्या मुलांना रविवारी सकाळी तासभर एकमेकांवर सोडलं जातं कारण कोचला "टफ" टीम हवी असते. मुलांसाठी मर्यादा त्याच्याही खाली हवी आणि ती लिहून हवी. त्या वेळात दुसरं करण्यासारखं भरपूर आहे. इंग्लंडच्या शाळांमध्ये १४ ते १८ वर्षांच्या मुलांना अ‍ॅक्टिव्हेट नावाचा वॉर्मअप दिला होता, तोल, उडी मारून उतरणं, मानेचे व्यायाम असं सगळं असलेला. आठवड्यातून तीनदा करणाऱ्या टीम्समध्ये मॅचमधली कन्कशन (डोक्याला मार बसून मेंदूला धक्का लागणं) ५९ टक्क्यांनी कमी झाली, २०१७ चा अभ्यास आहे. याला पैसे लागत नाहीत, वीसेक मिनिटं आणि हट्टी कोच लागतो. (पॅडवाली टोपी घेऊन दिली की काम झालं असं समजणाऱ्या पालकांसाठी, ती टोपी कान आणि कातडी वाचवते, कन्कशन थांबवत नाही. माउथगार्ड दातांसाठी, तो मात्र घालाच.)

कन्कशनवर मात्र तुमच्याकडून कडक शब्दांत हवंय. २०११ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये १४ वर्षांचा एक शाळकरी मुलगा डोक्याला मार लागल्यावरही मॅच खेळत राहिला आणि गेला, पहिल्या मारातून मेंदू सावरायच्या आत दुसरा बसला. कॅनडात १७ वर्षांची मुलगी २०१३ मध्ये अशीच गेली आणि तिच्या नावाने ऑन्टारिओ प्रांताने २०१८ मध्ये कायदा केला, रोवन्स लॉ. संशय आला की मुलाला बाहेर काढायचं आणि परत कसं घ्यायचं याची पायरी ठरलेली. ब्रिटनच्या २०२३ च्या सूचनांत मॅचमध्ये परतायला कमीत कमी २१ दिवस सांगितलेत, तेही आधीचे १४ दिवस काही त्रास झाला नसेल तरच. हे जसंच्या तसं उचला, नवीन समिती नेमू नका प्लीज. आणि बाहेर काढायचा निर्णय कोचवर एकट्यावर टाकू नका, फायनल चालू असताना आणि स्टार खेळाडू "मी ठीके" म्हणत असताना कोचचा हात थरथरतोच. रेफ्री, पालक, दुसऱ्या टीमचा कोच, कुणीही एकाने म्हटलं की मूल बाहेर, विषय संपला.

शेवटी नियम आणायच्या पद्धतीबद्दल, कारण चांगला नियमही वाईट पद्धतीने मरतो. जानेवारी २०२३ मध्ये इंग्लंडच्या रग्बी युनियनने जाहीर करून टाकलं की हौशी खेळात टॅकल कमरेच्या खालीच. हेतू चांगला, पण खेळणाऱ्यांना विचारलंच नव्हतं, एवढा गदारोळ झाला की माफी मागावी लागली आणि शेवटी छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत अशी उंची ठरवून जुलैपासून लागू केली. तुम्ही आधी मसुदा बाहेर टाका, मैदानावरच्या कोचना आणि रेफ्रींना दोन महिने द्या, शाळांना वेगळं विचारा, मग सही करा. सीझन सुरू व्हायच्या आत तेवढं बघा, मधेच निघालं की अर्ध्या टीम्स जुन्या नियमाने खेळतात, अर्ध्या नव्या, आणि शिव्या खातो तो बिचारा रेफ्री, जो बहुतेक वेळा स्वतःच सोळा-सतरा वर्षांचा असतो.

आपली,
मुलांना रग्बी शिकवणारी एक कोच